टीव्हीपासून किती लांब बसावे?

आमच्या हॉलच्या फरशीवर लाल चिकटपट्टीचा एक तुकडा अजून आहे. पाहुणे विचारतात, हे काय? आम्ही विषय बदलतो. या महिन्यात मात्र त्या पट्टीबद्दल लिहायचे ठरवले आहे. एका वाचक भगिनीने विचारले आहे, "हॉल लहान आहे, नवा टीव्ही किती इंचांचा घ्यावा? आणि मुलांना किती लांब बसवावे?" या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आम्ही चुका करून शिकलो.

गोष्ट गेल्या वर्षीची. रमजान ईदच्या आधी थोरल्या भावाने पंचावन्न इंची टीव्ही आणला. आमचे घर रोशन गेटच्या बाजूला, जुन्या बांधणीचे. हॉल दहा फूट रुंद, चौदा फूट लांब. दुकानात तो टीव्ही बेताचाच वाटला होता. घरी आणून लावला तर भिंतच भरली. समोरच्या भिंतीला गादी आणि लोड. तिथे टेकून बसले की डोळ्यांपासून पडदा आठ फुटांवर येतो.

नऊ वर्षांची पुतणी पहिल्या दिवसापासून गादी सोडून पुढे सरकायची. पाच फूट, चार फूट, शेवटी तीन फुटांवर मांडी घालून बसायची. अम्मी दर पाच मिनिटांनी ओरडायच्या, "पीछे सरक बेटा, आँखां खराब होतीं!" पोर मागे सरकायची, पुन्हा पुढे यायची. मग भावाने टेप लावून सहा फूट मोजले आणि फरशीवर लाल पट्टी चिकटवली. पट्टीच्या पुढे आलीस तर टीव्ही बंद. दोन-तीनदा खरेच बंद केला. त्यानंतर ती पुढे येईनाशी झाली. हळूहळू टीव्हीकडे पाठ करून चित्रे काढत बसू लागली. आवाज तेवढा ऐकायची. आम्ही एकमेकांना म्हणालो, चला, लेकरू सुधारले!

तिचे पुढे काय झाले ते शेवटी सांगू. आधी हे ‘सहा फूट’ आले कुठून ते पाहू.

सहा फुटांचा जुना हिशेब

आपल्या शहराचे टीव्हीशी नाते जवळचे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८२ मध्ये, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वर्षी, देशात रंगीत प्रक्षेपण आले. त्यानंतर काही वर्षांतच पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनच्या कारखान्यात रंगीत टीव्ही तयार होऊ लागले. औरंगाबादेत बनलेला टीव्ही देशभर जायचा, आणि इथल्या कितीतरी घरांची चूल त्या कारखान्यावर पेटायची. गच्चीवरची अँटेना म्हैसमाळच्या मनोऱ्याकडे वळवून आलेले चित्र ज्यांनी पाहिले आहे, त्यांना तो काळ आठवत असेल.

तेव्हाच्या टीव्हीचे चित्र आडव्या रेषांनी बनायचे. एकूण ६२५ रेषा, त्यातल्या ५७६ चित्राच्या. जवळून पाहिले की त्या रेषा आणि थरथर दिसायची. पडद्याच्या उंचीच्या साधारण सहापट लांब गेले की रेषा मिसळून चित्र सलग वाटायचे. एकवीस इंची टीव्हीच्या चित्राची उंची जेमतेम एक फूट. तिची सहापट म्हणजे सहा फूट. त्या टीव्हीसाठी हा हिशेब बरोबर होता.

‘जवळ बसू नये’ या धाकाला आणखी एक कारण होते. १९६७ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या काही मोठ्या रंगीत टीव्हींमधून ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त क्ष-किरण बाहेर पडतात असे आढळले. ते संच दुरुस्त करावे लागले आणि पुढच्याच वर्षी तिथे अशा किरणांवर कायदा झाला. काचेच्या जाड नळीत फार मोठा विद्युतदाब असायचा, त्यामुळे हे किरण निघत. आजच्या चपट्या एलईडी टीव्हीत ती नळीच नाही, म्हणून ही भीतीही उरलेली नाही.

थोडक्यात, नळीचा टीव्ही गेला आणि त्याचे सहा फूट आमच्या घरात राहिले. एकवीस इंचांचा नियम आम्ही पंचावन्न इंचांना लावला, आणि तोही एका लेकरावर.

आजचा हिशेब

आजचा हिशेब पडद्याच्या उंचीवरून करावा. दुकानदार जे इंच सांगतो ते एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंतचे माप असते. चित्राची उंची त्याच्या साधारण निम्मी. पंचावन्न इंची टीव्हीची उंची सत्तावीस इंच, त्रेचाळीस इंचीची एकवीस आणि बत्तीस इंचीची सोळा.

एचडी चित्रासाठी, म्हणजे सध्याच्या चांगल्या चित्रासाठी, बसण्याची जागा या उंचीच्या तिप्पट ते पाचपट लांब असावी. तिपटीच्या आसपास बसले की चित्र भरदार वाटते. पाचपटीच्या पलीकडे गेले की चेहरे आणि अक्षरे लहान वाटू लागतात. फुटांत सांगायचे तर:

बत्तीस इंची: चार ते साडेसहा फूट.
त्रेचाळीस इंची: सव्वापाच ते पावणेनऊ फूट.
पंचावन्न इंची: पावणेसात ते सव्वाअकरा फूट.
पासष्ट इंची: आठ ते सव्वातेरा फूट.

फोर-के टीव्हीवर चित्रही फोर-के दर्जाचे असेल, तर उंचीच्या दीडपट अंतरापर्यंत जवळ गेले तरी ते फाटत नाही. पण इतक्या जवळून दोन्ही कडा पाहायला मान फिरवावी लागते. घरच्या बैठकीत तिपटीपेक्षा जवळ जाण्याची गरज नाही.

उलट बाजूही ध्यानात ठेवा. घरात फ्री डिश किंवा साधा सेट-टॉप बॉक्स असेल आणि बहुतेक वाहिन्या साध्या दर्जाच्या असतील, तर तिथे जुना सहापटीचाच नियम लागतो. त्रेचाळीस इंची पडद्यावर असे चित्र स्वच्छ दिसायला साडेदहा फूट लागतात. आपल्यातल्या अनेकांच्या हॉलमध्ये तेवढी जागाच नसते. मग मोठा टीव्ही घेऊनही चित्र धूसर दिसते आणि आपण टीव्हीला नावे ठेवतो. अशा घरी एक आकार लहान घेतलेला बरा.

म्हणून दुकानात जाण्याआधी घरी टेप घ्या. टेप भिंतीपासून भिंतीपर्यंत लावू नका. बसणाऱ्याच्या डोळ्यांपासून पडदा येईल तिथपर्यंत लावा. गादी, लोड आणि टेबल मिळून दोन फूट सहज खातात. जे अंतर आले त्याचे इंच करा. त्याला तीनने भागले की जास्तीत जास्त उंची मिळते, पाचने भागले की कमीत कमी. त्यांची दुप्पट म्हणजे टीव्हीचा आकार. आठ फुटांचे शहाण्णव इंच. तीनने भागून बत्तीस, दुप्पट चौसष्ट. पाचने भागून एकोणीस, दुप्पट अडतीस. म्हणजे आठ फुटांवर त्रेचाळीस, पन्नास किंवा पंचावन्न, काहीही चालते. सहा फुटांवर बत्तीस किंवा त्रेचाळीस पुरे.

आकडे नको असतील तर जुनी वर्तमानपत्रे चिकटवून टीव्हीच्या मापाचा कागद तयार करा. पंचावन्नसाठी अठ्ठेचाळीस इंच रुंद, सत्तावीस उंच. त्रेचाळीससाठी साडेसदतीस रुंद, एकवीस उंच. दोन दिवस भिंतीवर लावून ठेवा आणि येता-जाता पाहा. दुकानाचे छत उंच, भिंती मोठ्या, शेजारी आणखी मोठे टीव्ही. तिथे डोळा फसतो. घरच्या भिंतीवर फसत नाही.

आपली घरे, आपली बैठक

या हिशेबाने आमचा पंचावन्न इंची टीव्ही आठ फुटांवर अगदी ठीक होता. चुकली होती ती त्याची उंची. मुलांचा चेंडू लागू नये म्हणून तो इतका वर ठोकला होता की त्याचा मध्य साडेपाच फुटांवर आला. सोफ्यावर बसणाऱ्याचे डोळे जमिनीपासून साडेतीन फुटांवर असतात. गादीवर, जमिनीवर बसणाऱ्याचे अडीच फुटांवर. आपल्या घरांत जेवण दस्तरखानावर, गप्पा गादीवर, लहान मुले तर कायम फरशीवर. डोळे अडीच फुटांवर आणि टीव्ही साडेपाच फुटांवर. अब्बांची मान दुखायची ती उगाच नाही. आम्ही टीव्ही दोन फूट खाली घेतला आणि मानेची तक्रार कमी झाली. जमिनीवर बसणाऱ्या घरात पडद्याचा मध्य तीन ते साडेतीन फुटांच्या आसपास असावा. टीव्ही खाली घेतला तर भिंतीला पक्का स्क्रू हवा. टेबलावर ठेवला तर मागून पट्ट्याने बांधा, लहान मूल ओढून अंगावर पाडू शकते.

भिंत कोणती निवडावी हाही प्रश्न येतो. आपल्याकडे किब्ला पश्चिमेला, म्हणून बहुतेक घरांत ती भिंत नमाजसाठी मोकळी सोडतात आणि टीव्ही पूर्वेच्या भिंतीवर जातो. पश्चिमेला खिडकी असेल तर असरनंतरचे ऊन थेट पडद्यावर येते. चित्र दिसेना झाले की मुले आपोआप पुढे सरकतात. जमत असेल तर उत्तर किंवा दक्षिणेची भिंत निवडा, म्हणजे खिडकी बाजूला राहते. नाही जमले तर त्या वेळेपुरता जाड पडदा ओढा. रात्री खोलीत पूर्ण अंधार करू नका, एखादा मंद दिवा राहू द्या.

बाजूला बसणाऱ्यांचाही विचार करा. काही पडद्यांत तिरके पाहिले की रंग फिके पडतात. घरात बाजूच्या दिवाणावर दोघे-तिघे बसत असतील, तर दुकानात टीव्हीच्या बाजूला उभे राहून पाहा, मग पैसे द्या.

शेवटची परीक्षा अक्षरांची. घरातल्या सर्वांत लांबच्या जागेवर बसा आणि बातम्यांच्या तळाची धावती पट्टी वाचा. डोळे बारीक न करता वाचता आली तर अंतर बरोबर. ढोबळ नियम असा की अक्षराची उंची अंतराच्या दोनशेव्या भागाइतकी तरी हवी. आठ फुटांवर म्हणजे सव्वा सेंटिमीटर. मुले टीव्हीवर कुरआनचे धडे ऐकत असतील तर त्याहून जवळ बसवा, कारण जेर, जबर आणि नुक्ते अक्षरांपेक्षा कितीतरी बारीक असतात. तिथे मूल पुढे गेले तर रागावू नका.

पट्टीच्या अलीकडे आणि पलीकडे

आता पुतणीची गोष्ट. पट्टी लावून चार महिने झाले असतील. शाळेतून निरोप आला की मुलगी फळ्यावरचे चुकीचे उतरवते, शेजारणीच्या वहीत पाहते, गणितात मागे पडली आहे. घरात तिला बोलणी बसली. तिची फुफी सुट्टीला आली होती. तिने सहज म्हटले, "समोरच्या कॅलेंडरवरची तारीख वाच बरं." पोर उठली, कॅलेंडरपाशी गेली आणि मग तारीख वाचली. फुफी काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिला डोळे तपासायला घेऊन गेली.

दोन्ही डोळ्यांना उणे पावणेदोन नंबर निघाला. दोन फुटांपलीकडचे सगळे तिला धूसर दिसत होते. तीन फुटांवर बसली की कसेबसे चेहरे ओळखू यायचे, म्हणून ती तिथे बसायची. आम्ही लावलेल्या पट्टीच्या मागून तिला काहीच दिसत नव्हते. ती टीव्हीकडे पाठ करून बसायची ती त्यामुळे. आणि आम्ही शाबासकी देत होतो.

जवळ बसल्याने डोळे बिघडत नाहीत, फार तर थकतात. डोळे आधीच कमजोर असतात म्हणून मूल जवळ बसते. कारण आणि परिणाम यांची आपल्या घरांत अदलाबदल झाली आहे. बिघाड सांगणाऱ्या खुणेलाच आपण बिघाड समजतो आणि ती खूण धाकाने पुसून टाकतो.

चष्म्याचे नाव निघताच अम्मींचा चेहरा उतरला. "लडकी है," एवढेच म्हणाल्या. पुढचे बोलायची गरज नव्हती. उद्या रिश्ता येईल तेव्हा लोक काय म्हणतील ही काळजी कितीतरी घरांत असते. मुलाला चष्मा लागला तर हुशार दिसतो, मुलीला लागला तर ‘थोडे थांबू’. थांबल्याने नंबर उतरत नाही. चष्मा लावल्याने वाढतही नाही. मुलगी फळा वाचू शकत नाही, अभ्यासात मागे पडते, आपण मंद आहोत असे स्वतःच समजू लागते. वरून एका डोळ्याची नजर दुसऱ्यापेक्षा फारच कमी असेल तर मेंदू त्या डोळ्याचे चित्र घेणेच सोडतो. त्यावर सात-आठ वर्षांच्या आत उपचार सुरू झाले तर चांगला गुण येतो, उशीर होईल तसे अवघड होते. अम्मींना हे तिच्या फुफीनेच समजावले. तिने स्वतःचा चष्मा काढून त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "यही पहन के एम.ए. किया, अम्मी. शादी भी हुई."

म्हणून मुलांच्या या खुणा पाहा: पुढे सरकणे, डोळे बारीक करणे, मान तिरकी करून पाहणे, एक डोळा झाकणे, डोकेदुखी, वही उतरवताना चुका. घरी एक साधी चाचणी करा. दहा फुटांवरून टीव्हीवरचे किंवा कॅलेंडरवरचे मोठे अक्षर आधी दोन्ही डोळ्यांनी, मग तळहाताने एकेक डोळा झाकून वाचायला सांगा. एका डोळ्याने वाचता येते आणि दुसऱ्याने येत नाही असे झाले तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. शासकीय आणि अनुदानित शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली मुलांची तपासणी होते, त्यात नजरही पाहतात. ती चिठ्ठी दप्तरात पडून राहू देऊ नका. खाजगी शाळेतल्या मुलांची तपासणी आपणच करून घ्यावी. आपल्या शहरात घाटी रुग्णालयात डोळ्यांचा विभाग आहे.

टीव्हीपेक्षा जास्त काळजी मोबाइलची करा. तीन फुटांवरच्या टीव्हीपेक्षा वीतभर अंतरावरच्या मोबाइलसाठी डोळ्याला सुमारे चौपट जोर लावावा लागतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा २०२१ चा सल्ला आहे की दोन वर्षांखालील मुलांना कोणताही पडदा नको, दोन ते पाच वर्षांत दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको. आणि मुलांना उजेडात खेळू द्या. मोकळ्या उजेडात वेळ गेला तर लांबचे न दिसण्याचा दोष लागण्याचे प्रमाण कमी होते. तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांना रोज १२० मिनिटे बाहेर राहण्याची मोहीम याचसाठी चालवली. आपल्याला गच्ची आहे, गल्ली आहे, हिमायत बागेची सावली आहे. मुलींनाही तिथे जाऊ द्या. मुलांना बाहेर आणि मुलींना घरात, असे झाले तर चष्मा कोणाला आधी लागेल ते सांगायला नको.

वडीलधारे पुढे सरकू लागले तरी हेच. अब्बा टीव्हीचा आवाज वाढवत आणि खुर्ची पुढे घेत असतील, तर मोतीबिंदू असू शकतो. साखरेचा त्रास असेल तर वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासलाच पाहिजे. त्यात सुरुवातीला काही दुखत नाही, म्हणून कळत नाही. वयस्क माणसे आपणहून सांगत नाहीत, घरच्यांना त्रास नको म्हणून. त्यांची सरकलेली खुर्ची सांगते.

पुतणीला चष्मा लागला त्या दिवशी संध्याकाळी ती हॉलमध्ये आली, पट्टी ओलांडून मागे गेली आणि अम्मींच्या शेजारी लोडाला टेकून बसली. आठ फुटांवर. थोड्या वेळाने म्हणाली, "दादी, खाली अक्षरं पण पळतात!" अम्मींनी तिला जवळ ओढले आणि बराच वेळ सोडले नाही.

पट्टी त्याच रात्री काढायला घेतली. अर्धी निघाली, अर्धी फरशीला घट्ट चिकटून राहिली. भाऊ म्हणाला, राहू दे.